पवनारचं अपील

१० जून, मंगळवार

पवनारचं अपील मी चालवायचं! सरांनी आज चष्मा पुसता पुसता सहज सांगून टाकलं — "रंजिता, त्या भाजीवाल्या बायांचं अपील तू कर. तुझं माहेर आहे. तूच शोभतेस तिथे."

मी नुसतं 'हो सर' म्हटलं. फाइल उचलली आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. हसू आवरेना. चाळिशी ओलांडलेली बाई, काळा कोट घालून जिन्यात एकटीच हसतेय!

वर्ध्याच्या कोर्टात सरांनी ही केस जिंकून दिली तेव्हा मी शेजारी बसून कागद पुढे सरकवत होते. पवनारच्या बायांची भाजीपाल्याची कंपनी आहे, आई पण सभासद. नागपूरच्या एका पुरवठादाराने त्यांना कोल्ड रूम बसवून दिली, ती भर उन्हाळ्यात बंद पडत राहिली आणि माल आतल्या आत सडला. कोर्टाने बायांच्या बाजूने भरपाईचा हुकूम दिला. आता तो पुरवठादार हायकोर्टात गेलाय.

धंद्याच्या भांडणात डेहणकर वकील, म्हणजे आमचे सर, हे वर्ध्यात पानठेल्यावरचा माणूसही सांगेल. कापसाचे जिनिंगवाले, सोयाबीनचे व्यापारी, ट्रॅक्टरचे डीलर, सगळे मनोहरराव डेहणकरांकडे. इतक्या वर्षांत अपिलात एकदाही हार नाही. आणि मी? त्यांनी मला नागपूरला जेव्हा जेव्हा संधी दिली तेव्हा तेव्हा मी हरून आले. प्रत्येक वेळी सर म्हणाले, "होतं असं. शिकशील." तरी पुन्हा देतात. माणूस किती मोठं मन ठेवतो!

नवरा, प्रेमदास, आर्वीच्या एसटी डेपोतून घरी आला. ताटाकडे पाहून म्हणाला, "वकीलीणबाई, आज तूप लय पडून राह्यलं पोळीवर. जज झाली का काय?"

११ जून

आईला फोन केला. ऐकून घेतलं तिने सगळं. मग म्हणाली, "चांगलं झालं माय. पन सर येतीन न मांगून?"

१५ जून, रविवार

पवनारला जाऊन आले. बाया शेडमध्ये मेथी आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. कोल्ड रूमचं दार उघडंच. आत आता प्लास्टिकच्या खुर्च्या आणि रिकामे क्रेट ठेवतात.

"अवो या या हायकोर्टवाल्या! बसा, कोट काडा, जुड्या बांधा!" — ही मीरामावशी. कंपनीची अध्यक्ष. माझ्या लहानपणी हिच्याच वावरातली वांगी चोरायचो आम्ही.

एक तरणी बाई म्हणाली, "अन् हारलो तं?"

"हारलो तं कंपनीले कुलूप," मीरामावशी म्हणाली. जुडी बांधायची थांबली नाही. "भरपाईच्या भरवशावर नवी खोली बांधाले काडली. पाया खोदून बसलो. हारलो तं पुन्हा पहाटी दलालाच्या दारात टोपलं घेऊन बसा. थो म्हनन थो भाव." मग माझ्याकडे पाहून, "तू हायस न पोरी. तू कायले हारू देशीन?"

आईने निघताना पिशवीत वांगी भरून दिली. मला वाटतं ती माझ्याकडे बघत होती, पण मी वळले तशी तिने नजर काढून घेतली.

२ जुलै, बुधवार

फाइल वाचतेय. एक गोष्ट खटकली, आणि आता खटकतच राहिली आहे.

कोल्ड रूमचं तापमान कंपनीच्या मोबाइलवर यायचं. यंत्र कधी बंद पडलं, आत किती गरम झालं, सगळं त्या नोंदींवरूनच कळतं. केस त्यांच्यावरच उभी आहे. पण मोबाइलमधली नोंद कोर्टात द्यायची तर सोबत एक सही केलेलं प्रमाणपत्र लागतं, की हा मोबाइल माझ्या ताब्यात होता आणि या नोंदी त्यातल्याच. आपल्या फाइलमध्ये ते नाही. पुरवठादाराने अपिलात पहिला मुद्दा तोच घेतलाय.

मला चांगलं आठवतं. ते प्रमाणपत्र टाइप करून मी सरांच्या टेबलावर ठेवलं होतं. मोबाइल मीरामावशीकडे असायचा, तिची सही तेवढी बाकी होती. सर म्हणाले होते, "लागत नाही. समोरचा वकील झोपलेला आहे." नंतर त्या वकिलाने हरकत घेतली तेव्हा सर कोर्टाला म्हणाले, "दाखल करतो." ते राहूनच गेलं.

आज विचारलं. सर हसले. "अगं, हायकोर्टात बोलणाऱ्यावर असतं. तू बोल नीट."

ठीक आहे. नीट बोलेन.

१७ जुलै, गुरुवार

नागपूर. पहिली तारीख. पाच मिनिटांत पुढची मिळाली.

त्यानंतर कँटीनमध्ये जे झालं ते लिहायला हात जड झालाय. पण लिहिते.

समोरच्या बाजूने मोतीलालजी आहेत. पांढरे केस, पोट सुटलेलं, सगळ्यांशी हसून बोलणारे. स्वतःच चहा घेऊन माझ्या टेबलावर आले. "मॅडम, बुरा मत मानना, एक मजे की बात सांगतो. डेहणकर साहब खुद आले ना, तर मी रात्रभर वाचतो. तुम्ही आल्या की मी क्लायंटला सांगतो, पेढे आणून ठेव."

मी हसले. वाटलं, मी नेहमी हरते त्यावरून चिडवतायत. म्हटलं, "या वेळी पेढे वाया जातील."

ते थांबले. माझ्या तोंडाकडे पाहिलं. हसू हळूहळू गेलं त्यांचं.

"आपको सचमुच नहीं मालूम?"

"काय?"

"जी केस गेलीच आहे, तिच्यात ते तुम्हाला पाठवतात. वकालतनाम्यावर तुमचं नाव, निकालावर तुमचं नाव. बार में सब जानते हैं. मला वाटलं, तुमचं आपसात ठरलेलं असेल. सीनियर-ज्युनियरचं असतं असं."

मी काहीतरी म्हटलं. काय ते आठवत नाही. चहाचे पैसे त्यांनी दिले. मी पर्स उघडली होती, पण त्यांनी हात आडवा धरला, जसा कोणाच्या मयतीला गेल्यावर धरतात तसा.

१८ जुलै

मोतीलालजी चेष्टेखोर माणूस आहेत. समोरच्याचं मन खचवायची ही पण एक युक्तीच. वकील करतात असं.

२० जुलै, रविवार

युक्ती नाही.

सकाळपासून आठवतेय. सोयाबीनच्या व्यापाऱ्याचं अपील — सर अंगात ताप घेऊन नागपूरला गेले होते. मी किती विनवलं, आज मी जाते! म्हणाले, "नाही. पक्षकाराने माझ्यावर विश्वास टाकलाय." जिंकून आले. मी दोन दिवस सगळ्यांना तेच सांगत होते, सरांची निष्ठा बघा.

आर्वीच्या रूपरावांच्या जिनिंगचं अपील — सरांच्या भाचीचं लग्न निघालं. "तू जा. मोठी संधी आहे." हरले.

पाइपच्या कारखान्याचं — सरांची कंबर धरली. हरले.

हिंगणघाटच्या डीलरचं — "तुझी तयारी माझ्यापेक्षा चांगली आहे, रंजिता." हरले. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तोंडाला पदर लावून रडले होते. दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्यासाठी कचोरी मागवली होती. वकिलाने हार मनाला लावून घ्यायची नसते, म्हणाले होते.

माझा पहिला गाऊन सरांनी घेऊन दिला. बाबा गेले तेव्हा सगळं होईपर्यंत उन्हात उभे होते, डोक्यावर रुमाल टाकून. तोच माणूस हा! मी दोघांना एका ठिकाणी बसवून पाहते आणि ते बसत नाहीत.

रूपरावांना भेटायला हवं. जिनिंग गेल्यापासून त्यांच्या गल्लीतून जायची हिंमत झाली नाही माझी.

२७ जुलै, रविवार

आर्वीला गेले. प्रेमदासला म्हटलं, तुझ्यासोबत येते, सहज. तो डेपोत गेला, मी बाजाराकडे.

रूपराव आता मुलाच्या दुकानात बसतात. मोटरपंपाचे सुटे भाग. मला पाहून उठले, खुर्ची पुसली. "या मॅडम! लय वर्सानं. मी म्हटलं, मॅडमनं आर्वी सोडलीच."

मी म्हटलं, "रूपरावजी, तुमचं अपील मी हरले. कधी येऊन बोलले नाही. आज आले."

"जाऊ द्या जी. थे गेलं." थोडा वेळ एक बेअरिंग बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पन एक सांगा. मनात हाय म्हनून इचारतो. तुमी एवढा हट्ट काऊन धरला होता?"

"कसला हट्ट?"

"सर मले म्हने, मॅडम रडून राह्यल्या, एक तरी मोठी केस मले द्या म्हनून. पोरीसारकी हाय, नाई म्हनवत नाई. मी हात जोडले. म्हटलं सर, माही जिनिंग हाय जी त्यात, तुमीच उभे राहा. त सर म्हने, मी मांगं हावो न, तिची हौस होऊ द्या."

हौस.

मी एवढंच सांगितलं, की मी कधी मागितलं नव्हतं. मला तर आदल्या दिवशी फाइल मिळाली होती.

रूपरावांनी बेअरिंग खाली ठेवलं. बाहेर ट्रॅक्टर गेला, दुकानातलं सगळं लोखंड हललं. मग मुलाला म्हणाले, "मॅडमसाठी रस सांग." आणि मला, "म्हंजे इतके वर्स मी शिव्या देल्या थ्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. आता वापस घेऊ का राहू देऊ?"

आम्ही दोघंही हसलो. मग माझं हसू बिघडलं आणि त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला.

परतताना प्रेमदासला काही सांगितलं नाही. तो डेपोत सगळ्यांना सांगतो, माझी बायको हायकोर्टात उभी राह्यते.

२८ जुलै

सरांनी विचारलं, "डोळे का सुजलेत?" म्हटलं, धूळ. त्यांनी ड्रॉवरमधून थेंबांची बाटली काढून दिली.

६ ऑगस्ट, बुधवार

पवनारचं अपील वाचवायचा एक मार्ग आहे. ते प्रमाणपत्र आता, हायकोर्टातच दाखल करायची परवानगी मागायची. पण वेळेवर का दिलं नाही, ते शपथेवर सांगावं लागतं. वकिलाकडून राहिलं असेल तर कोर्ट शक्यतो पक्षकाराला शिक्षा करत नाही. म्हणजे मीरामावशीने शपथपत्रात लिहायचं — प्रमाणपत्र तयार होतं, आमच्या वकिलांनी ते दाखल केलं नाही.

आमचे वकील म्हणजे सर.

मसुदा लिहून सरांपुढे ठेवला. त्यांनी सावकाश, पूर्ण वाचला.

"उत्तम लिहिलंस," म्हणाले. "कोर्ट ऐकेल. एकच बदल कर. 'वकिलांनी' आहे तिथे 'सहायक वकिलांनी' कर. आणि तुझं नाव घाल."

"सर, मी तर ते टाइप करून तुमच्या —"

"माहीत आहे मला. पण बायांचं काम होतंय ना? कोणाकडून राहिलं याने त्यांना काय फरक पडतो?"

"मला पडतो."

सरांनी चष्मा काढला. आवाज अजिबात चढला नाही. "तुला सवय आहे, रंजिता. मला या वयात नाही जमणार."

सवय आहे! कुत्सितपणे नाही म्हणाले. कोणाला मिरची चालते, कोणाला चालत नाही, तसं म्हणाले.

मग मी रूपरावांचं नाव काढलं. हौस शब्द पण काढला. सरांनी चष्मा पुन्हा घातला. म्हणाले, "मी तुला कधी उपाशी ठेवलं नाही." नंतर म्हणाले, "डिसेंबरात बार असोसिएशन माझा सत्कार करतंय. 'अपिलात अपराजित' असं छापायला दिलंय त्यांनी, मी नाही सांगितलं. त्यानंतर मी बाजूला होणार. ही पाटी, हे ऑफिस, सगळं कोणाला जाणार? तुलाच. पाटीला डाग लागला तर तुझ्याच पाटीला लागेल."

मी मसुदा उचलला आणि बाहेर आले. मला वाटलं होतं, ते निदान नाही म्हणतील. खोटं का होईना, नाही म्हणतील.

८ ऑगस्ट

तो शब्द बदलून पाहिला. 'सहायक वकील सौ. रंजिता भोयर यांच्याकडून अनवधानाने.' वाचून पाहिलं. कुठेच खटकलं नाही! माझं नाव त्या जागी इतकं सरावाने बसलं.

आणि खरंच, बायांचं काम दोन्हीकडून होतं. मग मी कोणासाठी भांडतेय?

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

पवनारला गेले. पोरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरत होती. आईच्या ओसरीवर मीरामावशीला बोलावलं आणि दोघींना सगळं सांगितलं. प्रमाणपत्राचं, मोतीलालजींचं, रूपरावांचं. प्रेमदासला काल रात्रीच सांगितलं होतं. तो उठला, माझ्यासाठी चहा केला आणि त्यात साखरेऐवजी मीठ टाकलं. इतका भडकला होता.

मीरामावशी म्हणाली, "म्हंजे चुकलं सराचं, अन् तू घेतं डोक्शावर?"

"घेऊ शकते. केस तशीही वाचेल."

"सही कोनाची त्या कागदावर?"

"तुझी. शपथेवर."

"मंग मी लबाड कायले बोलू? तुनं फोन केल्ता मले, सहीले येजो म्हनून. मी आलती न वर्ध्याले! मेथीचं टोपलं बाहेर ठेवून सराच्या खोलीत गेल्ती. सर म्हने, जा बाई, लागत नाई. मी डोयानं पाह्यलं, कागद टेबलावर होता."

मला हे माहीतच नव्हतं. ती आली होती!

"थेच लिही," मीरामावशी म्हणाली. "मी आलती, सरानं वापस धाडलं. जसं झालं तसं लिही."

आई पोरांना खाऊ देऊन आली, पाटावर बसली. "मोठा मानूस हाय रंजू. तुह्या बापाच्या मयतीले उन्हात उभा होता. त्याचं नाव कोर्टात उचलशीन?"

"आई, माझं नाव त्याने किती वेळा उचललं?"

"तू लहान हायस त्याच्याहून," आई म्हणाली. तिच्या हिशेबी विषय संपला.

१ सप्टेंबर, सोमवार

अर्ज दाखल केला. जसं झालं तसं लिहिलंय. सरांचं नाव आहे, माझं नाही. ऑफिसची किल्ली मुन्शीकडे दिली. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा डबा राह्यला आत." म्हटलं, राहू दे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बार रूममध्ये मी गेले की बोलणं थांबतं, मग मोठ्याने हवामानावर सुरू होतं. एक जण — नाव नाही लिहीत, ज्याच्या मुलीच्या बारशाला मी गेले होते — म्हणाला, "काय मॅडम, गुरुदक्षिणा दिली म्हणे." दुसरा म्हणाला, "आम्ही किती वर्षं बघतोय, पण तुम्ही खूश दिसायच्या, म्हणून बोललो नाही."

सगळ्यांना माहीत होतं. मला कचोरी खाताना पाहत होते सगळे.

आमच्या नालवाडीच्या घराची पुढची खोली माझ्या ऑफिससाठी रिकामी केली. प्रेमदास पाटी रंगवून आणणार आहे. "काय लिहू? 'येथे फक्त स्वतःच्याच केसेस हारल्या जातीन' असं लिहू का?" या महिन्यात पहिल्यांदा पोट धरून हसले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुनावणी.

मोतीलालजी चांगले बोलले. पेढ्यांचा विषय नाही, थट्टा नाही. मला बरोबरीची धरून बोलले, जोर लावून बोलले, आणि त्याचं मला बरं वाटलं.

माझी पाळी आली. न्यायमूर्तींनी विचारलं, प्रमाणपत्र दाखल न करणारे वकील कोण? अर्जात आहे, पण त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी नाव घेतलं. पूर्ण. मनोहरराव डेहणकर. मागे कोणीतरी खोकलं. माझा आवाज स्पष्ट आला. आईची आठवण आली, का कोणास ठाऊक.

मग मुद्द्यावर बोलले. मीरामावशी मेथीचं टोपलं घेऊन सहीला आली होती, तिला परत पाठवलं गेलं. तिने आपल्या बाजूने काय कमी ठेवलं? — एवढंच विचारलं.

निकाल लगेच. प्रमाणपत्र घ्यावं. वर्ध्याचा निकाल रद्द, प्रकरण तिथे परत, नव्याने ऐकावं. वेळ ठरवून दिलाय.

केस जिवंत आहे!

मोतीलालजी जाता जाता म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी मी रात्रभर वाचणार." हे सगळ्या आयुष्यात मिळालेल्या सन्मानांत वरचं आहे माझ्या.

१० ऑक्टोबर

ऑनलाइन निकाल आला. पुरवठादाराचं अपील मंजूर, खालचा निकाल रद्द. उत्तरवादी कंपनीतर्फे अ‍ॅड. रंजिता भोयर. ज्याला आतलं माहीत नाही तो वाचेल तर म्हणेल, ही अजून एक हरली.

मीरामावशीला फोन केला. "म्हंजे जितलो का हारलो?"

"परत वर्ध्याला आली केस. तुझा कागद घेतला कोर्टाने. आता तिथे नव्याने चालेल. तिथे जिंकू."

"म्हंजे भरपाई आता नाई भेटत."

"आता नाही."

पलीकडे बायांचा गलका येत होता. "बरं," ती म्हणाली. "जेवली का?"

२ नोव्हेंबर, रविवार

पाटी लागली. अक्षरं थोडी तिरपी आहेत, पण प्रेमदासला सांगितलं नाही. पवनारच्या केसची वर्ध्याची तारीख डिसेंबरात. उलटतपासणीचे प्रश्न लिहून काढले, नव्या वकालतनाम्यावर कंपनीचा शिक्का आणि मीरामावशीची सही तेवढी हवी. दिवाळीच्या गडबडीत तिचा फोन लागला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, सभा हाय म्हनते पंधरा दिवसांनी, तवा होईन.

ही केस मी पहिल्या पानापासून शेवटच्या निकालापर्यंत स्वतः लढणार. हरले तर माझी हार, जिंकले तर माझी जीत. असं कधी झालंच नव्हतं!

१६ नोव्हेंबर, रविवार

मीरामावशी आली होती. आत ये म्हटलं तरी दारातच उभी राहिली. सभा झाली. वर्ध्यात पवनारकडून डेहणकर सर उभे राहणार. परवा ते स्वतः गावात गेले होते, शेडमध्ये सतरंजीवर बसले, बायांची माफी मागितली. फी घेणार नाहीत.

"रंजू, खरं काय थे मले मालूम हाय," ती म्हणाली. "पन आता त्याचं नाव लागलं न माय त्या कागदावर. आता त्याले हारून चालत नाई. जीव टाकून लढन थो. तू कागदावर हारेलच दिसतं. बायांनी पाया खोदून ठेवला हाय."

मी विचारलं, कोणीच विरोध केला नाही?

"साऱ्याईनं हात वर केले."

"आईने पण?"

मीरामावशीने चप्पल नीट घातली. "तिनंच पयले केला."